मानेतली गाठ आणि आयोडीनची ओढ

कॅन्सर म्हटलं की घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे केमोथेरपी, गळणारे केस आणि महिनोन्महिन्यांचे दवाखान्याचे फेरे उभे राहतात. थायरॉइडचा कॅन्सर निघालेल्या घरात मात्र मंडळी चक्रावतात. ऑपरेशन होतं आणि काही आठवड्यांनी डॉक्टर सांगतात, ‘पंधरा दिवस आयोडीनचं मीठ बंद. मासळी, अंड्याचं पिवळं, दूधदुभतं बंद. मग एक कॅप्सूल घ्यायची आणि दोन-तीन दिवस एकट्यानं खोलीत राहायचं.’ केमो नाही, केसांना धक्का नाही. त्याच सुमारास ओळखीतल्या दुसऱ्या कुणाच्या मानेत तशीच गाठ निघते आणि त्यांचं अर्ध्या ग्रंथीचं ऑपरेशन झालं की काम संपतं, कॅप्सूलसुद्धा नाही. तिसऱ्यांना तर डॉक्टर म्हणतात, ‘सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू, तोवर काहीच नको.’

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका टेकडीवर मांढऱ्याच्या मातेचं देऊळ आहे.  त्याच टेकडीवर कॅन्सर हॉस्पिटल अँड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, म्हणून तिला गावात ‘कॅन्सर पहाडी’ही म्हणतात. पायथ्याच्या कंपू भागात जयारोग्य रुग्णालय आणि १९४६ साली सुरू झालेलं गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय. ग्वाल्हेर-चंबळकडचे मानेच्या गाठीचे रुग्ण बहुधा याच परिसरात येतात. तिथल्या बाकांवर फायली घेऊन बसलेल्यांची आपसांत तुलना चालते, ‘त्यांना हे सांगितलं, मग आम्हाला ते का?’

एकाच आजाराला तीन सल्ले, आणि तिन्ही बरोबर असू शकतात. ते कसं, हे समजायला आधी त्या लहानशा ग्रंथीची एक खोड माहीत हवी.

मीठ जातं कुठे?

थायरॉइड ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या जरा खाली, श्वासनलिकेला बिलगून असते. वजन जेमतेम १५ ते २० ग्रॅम. तिचं काम एकच, थायरॉइड हार्मोन तयार करून रक्तात सोडणं. हृदयाची गती, अंगातली ऊब, आतड्यांची हालचाल, मुलांची वाढ, या सगळ्यावर त्याचा ताबा असतो.

हे हार्मोन बनवायला आयोडीन लागतं. मोठ्या माणसाला दिवसाला फक्त १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा साधारण साडेसहा हजारावा भाग. इतकी कमी चीज रक्तातून वेचून घ्यायची म्हणून थायरॉइडच्या पेशींच्या भिंतीत एक प्रथिन बसवलेलं असतं. सोडियमच्या जोडीनं ते आयोडीन आत ओढतं. त्याचं जनुक १९९६ साली सापडलं. या प्रथिनाच्या जोरावर ग्रंथीत रक्तापेक्षा २० ते ४० पट आयोडीन साठतं. शरीरातल्या एकूण आयोडीनपैकी ७० ते ८० टक्के या एवढ्याशा ग्रंथीत असतं.

आणखी दोन नावं लक्षात ठेवली की पुढचं सगळं सोपं जातं. आत आलेलं आयोडीन ‘थायरोग्लोब्युलिन’ नावाच्या प्रथिनावर चढवलं जातं. हे प्रथिन फक्त थायरॉइडच्या पेशीच बनवतात. आणि मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ‘टीएसएच’ नावाचं हार्मोन सोडून थायरॉइडला कामाला लावते. रक्तात थायरॉइड हार्मोन कमी पडलं की टीएसएच वाढतं आणि ग्रंथी जास्त आयोडीन ओढू लागते. वर्षानुवर्षं आयोडीन कमी मिळालं तर ग्रंथी फुगत जाते, तोच गलगंड. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मीठ वाटून पाहिलं. गलगंड कमी होतो हे दिसलं आणि १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गलगंड म्हणजे कॅन्सर नव्हे.

गाठ सापडली, पुढे काय?

मानेला हात लावून तपासलं तर शंभरातल्या चार ते सात प्रौढांना थायरॉइडमध्ये गाठ लागते. सोनोग्राफी केली तर हे प्रमाण कितीतरी वाढतं, काही पाहण्यांत निम्म्याच्याही पुढे गेलं आहे. बायकांमध्ये गाठी जास्त आणि वयाबरोबर आणखी जास्त. यांतल्या बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. तपासणीपर्यंत पोचलेल्या गाठींतही साधारण ७ ते १५ टक्के कॅन्सरच्या निघतात.

म्हणून पहिली पायरी रक्तातलं टीएसएच. ते फार कमी असेल तर ती गाठ स्वतःच जास्त हार्मोन बनवत असण्याची शक्यता असते, आणि अशी गाठ क्वचितच कॅन्सरची निघते. दुसरी पायरी मानेची सोनोग्राफी. गाठ आडवी आहे की उभी, कडा नितळ की ओबडधोबड, आत पाणी आहे की मांस, चुन्याचे बारीक ठिपके आहेत का, आजूबाजूच्या भागापेक्षा ती काळपट दिसते का, हे रेडिऑलॉजिस्ट पाहतात आणि गुण देतात. रिपोर्टवर ‘टायरॅड्स’ आणि पुढे १ ते ५ आकडा येतो तो हाच. हा आकडा संशयाची पायरी दाखवतो. कॅन्सरच्या ‘स्टेज’शी त्याचा संबंध नाही, आणि घरोघरी घबराट होते ती याच घोटाळ्यातून. अमेरिकन रेडिऑलॉजिस्टांच्या २०१७ च्या पद्धतीप्रमाणे आकडा ३ असेल तर गाठ अडीच सेंटिमीटरची झाल्यावर सुई लावतात, ४ असेल तर दीड सेंटिमीटरला आणि ५ असेल तर एक सेंटिमीटरला. त्याहून लहान गाठीवर नजर ठेवतात.

सुईला काय कळतं, काय कळत नाही

सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, ऐकायला भीतिदायक आणि करायला साधी. रक्त काढायला वापरतात त्याहून बारीक सुई सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत गाठीत घालायची, मागेपुढे हलवायची. सुईच्या पोकळीत आपोआप चढलेला थेंबभर द्रव काचपट्टीवर उडवायचा, दुसऱ्या पट्टीनं पसरायचा, रंगवायचा. दहा मिनिटांत रुग्ण घरी जायला मोकळा. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही समजूत आपल्याकडे अजून टिकून आहे. थायरॉइडच्या बाबतीत ही भीती बाळगण्याचं कारण नाही.

पुढचं काम पॅथॉलॉजिस्टच्या डोळ्यांचं. थायरॉइडच्या कॅन्सरपैकी ८० टक्क्यांहून जास्त ‘पॅपिलरी’ प्रकारचे असतात आणि त्यांची ओळख पेशीच्या केंद्रकातच पटते. केंद्रकं मोठी, फिकट, एकमेकांवर चढलेली. काहींच्या मधून लांबट चीर गेलेली, काहींच्या आत गोल पोकळीसारखा भाग. सूक्ष्मदर्शकाखाली ही लक्षणं एकत्र दिसली की फारशी शंका उरत नाही.

‘फॉलिक्युलर’ या दुसऱ्या प्रकारात मात्र सुई अडते. निरुपद्रवी फॉलिक्युलर गाठीच्या पेशी आणि फॉलिक्युलर कॅन्सरच्या पेशी दिसायला सारख्याच असतात. फरक एवढाच की कॅन्सरच्या पेशी गाठीभोवतीचं आवरण भेदून बाहेर किंवा रक्तवाहिनीत शिरलेल्या असतात. सुई आणते सुट्या पेशी, आवरण तुटलंय का ते तिला दिसणार कसं? ते कळायला गाठ अखंड काढून तिच्या कडा तपासाव्या लागतात. ‘सुईत नक्की कळलं नाही, अर्धी ग्रंथी काढून पाहू’ असं डॉक्टर म्हणतात तेव्हा पॅथॉलॉजिस्टला दोष देऊ नये. सुईच्या निकालांची ‘बेथेस्डा’ नावाची सहा पायऱ्यांची पद्धत आहे. दुसरी पायरी म्हणजे गाठ साधी, सहावी म्हणजे कॅन्सर जवळजवळ नक्की. तिसरी आणि चौथी या मधल्या अनिश्चित पायऱ्या, आणि निदानाच्या संशोधनाचा मोठा भाग गेल्या काही वर्षांत त्यांच्यावरच चालला आहे. सुईतून आलेल्या पेशींमधली जनुकं तपासून गाठ साधी आहे का हे आधीच ओळखायचं, म्हणजे विनाकारण होणारी ऑपरेशनं टळतील, असा तो प्रयत्न. या तपासण्या महाग आहेत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सोनोग्राफी, सुई आणि अनुभवी डोळे यांवरच भिस्त आहे.

सर्जनची कसोटी

एकोणिसाव्या शतकात थायरॉइडचं ऑपरेशन म्हणजे जिवावरचा खेळ होता, कारण ग्रंथीला रक्तपुरवठा भरपूर. स्वित्झर्लंडच्या बर्न शहरातले सर्जन थिओडोर कोखर यांनी एकेक रक्तवाहिनी बांधत, सावकाश ऑपरेशन करायची पद्धत घडवली आणि मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आत आणलं. पण १८८३ साली त्यांनीच एक चटका लावणारी गोष्ट मांडली. ज्यांची ग्रंथी संपूर्ण काढली होती ती माणसं सुजलेली, थंड, मंद झाली होती. ग्रंथीशिवाय माणूस धड जगत नाही हे जगाला तेव्हा कळलं. कोखर यांना १९०९ साली नोबेल मिळालं. आज ग्रंथी काढल्यावर थायरॉक्सिनची गोळी रोज उपाशीपोटी घेऊन माणूस पूर्ण आयुष्य जगतो.

तरी दोन धोके उरतातच. ग्रंथीच्या मागून स्वरयंत्राची नस जाते, तिला इजा झाली तर आवाज घोगरा होतो. आणि ग्रंथीच्या पाठीला पॅराथायरॉइड नावाच्या साधारण अर्ध्या सेंटिमीटरच्या चार ग्रंथी असतात, त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. त्यांना धक्का लागला की ऑपरेशननंतर ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, कॅल्शियम घ्यावं लागतं. अर्धीच ग्रंथी काढली तर हे धोके घटतात. म्हणून अमेरिकन थायरॉइड असोसिएशननं २०१५ साली सांगितलं की चार सेंटिमीटरपर्यंतच्या, ग्रंथीच्या बाहेर न गेलेल्या, कमी धोक्याच्या कॅन्सरला अर्धी ग्रंथी काढणंही पुरू शकतं. ‘त्यांची अर्धी काढली, आमची पूर्ण का’ याचं उत्तर गाठीचा आकार, तिची पसरण आणि मानेतल्या लसिकाग्रंथींत दडलेलं असतं.

साखरेतली बोरिक पावडर

आता त्या कॅप्सूलकडे येऊ. स्वयंपाकघरात मुंग्या झाल्या की जुन्या बायका पिठीसाखरेत बोरिक पावडर मिसळून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवतात. वारूळ कुठे आहे ते शोधायची गरज नसते. मुंग्या साखरेच्या ओढीनं तो घास स्वतःच वारुळात नेतात आणि काम तिथे होतं. किरणोत्सारी आयोडीनचा उपचार नेमका असाच चालतो.

निसर्गातल्या साध्या आयोडीनचा अणुभार १२७. आयोडीन-१३१ हे त्याचंच किरणोत्सारी भावंड, १९३८ साली अमेरिकेत ग्लेन सीबोर्ग आणि जॉन लिव्हिंगूड यांना सापडलं. थायरॉइडच्या पेशीला दोहोंतला फरक कळत नाही. तिनं ते आत ओढलं की त्यातून बीटा किरण निघतात. हे किरण पेशीसमूहात दोन मिलिमीटरपलीकडे जात नाहीत, त्यामुळे मारा जिथे आयोडीन साठलंय तिथेच होतो. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर कॅन्सरच्या पेशी फुप्फुसात किंवा हाडात जाऊन बसल्या तरी आयोडीनची खोड बहुधा त्यांना सोडत नाही. सर्जनची सुरी पोचणार नाही तिथे ही कॅप्सूल पोचते. शिवाय त्यातून गॅमा किरणही निघतात आणि ते शरीराबाहेर येतात. कॅमेऱ्यानं ते टिपले की पेशी कुठे लपल्यात त्याचा नकाशा मिळतो. अमेरिकेत १९४१ साली सॉल हर्ट्झ यांनी थायरॉइडच्या अतिकामाच्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन दिलं आणि १९४६ साली सॅम्युअल सिडलिन व सहकाऱ्यांनी पसरलेल्या थायरॉइड कॅन्सरवर त्याचा परिणाम जगापुढे मांडला.

मीठ बंद कशासाठी, तेही आता उलगडेल. ओट्यावर साखर सांडलेली असेल तर मुंग्या कोपऱ्यातल्या घासाकडे वळणार नाहीत. शरीरात साधं आयोडीन भरपूर असेल तर पेशी कॅप्सूलमधलं आयोडीन कमी घेतील. म्हणून उपचाराआधी एक-दोन आठवडे आयोडीन कमी असलेला आहार देतात. इथे मीठ सोडायचं नसतं, आयोडीनचं मीठ सोडायचं असतं. उपासाचं सैंधवही पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेलं नाही ना, हे पाहून घ्यावं. त्याचबरोबर टीएसएच वाढवतात, म्हणजे उरलेल्या पेशींची आयोडीनची भूक वाढते. त्यासाठी थायरॉक्सिनची गोळी तीन-चार आठवडे बंद ठेवतात किंवा टीएसएचचं इंजेक्शन देतात. गोळी बंद असताना रुग्ण सुस्तावतो, अंग जड होतं, थंडी वाजते. ते आजार बळावल्याचं लक्षण नसतं.

आयोडीनच्या खोलीत जे घडतं ते पाहिलं की एकांताचं कारण कळतं. कॅप्सूल शिशाच्या जाड डबीतून येते. रुग्ण ती हाताला न लावता नळीनं तोंडात घेतो आणि पाणी पितो. कर्मचारी बाहेर जातात, दार लागतं. जेवणाचं ताट दाराशी ठेवलं जातं. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. भरपूर पाणी प्यायचं, शौचालयात दोनदा पाणी सोडायचं, कारण पेशींनी न घेतलेलं आयोडीन पहिल्या दोन दिवसांत मुख्यतः लघवीवाटे जातं. हे सांडपाणी सरळ गटारात सोडत नाहीत, वेगळ्या टाक्यांत साठवतात. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं. ८० दिवसांत ते दहा वेळा निम्मं होतं, म्हणजे हजारावा भाग उरतो. रोज एकदा भौतिकतज्ज्ञ मीटर घेऊन रुग्णापासून ठरावीक अंतरावर उभा राहतो आणि आकडा पुरेसा उतरला की सुट्टी. घरी गेल्यावरही काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून अंतर ठेवायचं. गरोदरपणात हा उपचार देतच नाहीत आणि नंतरही सहा महिने ते वर्षभर गर्भधारणा टाळायला सांगतात.

याच आयोडीन-१३१ नं चेर्नोबिलला मुलांना कॅन्सर दिला, हेही खरं. २६ एप्रिल १९८६ च्या अपघातानंतर ते गवतावर पडलं, गाईच्या दुधात उतरलं आणि मुलांच्या पोटात गेलं. २००५ पर्यंत त्या भागात तेव्हाच्या मुलांमध्ये थायरॉइड कॅन्सरचे ६,००० हून जास्त रुग्ण नोंदले गेले. सुदैवानं त्यांतले मृत्यू १५ होते. मात्रा थोडी असेल तर निरोगी पेशी मरत नाही, तिचं जनुक बिघडतं आणि ती तशीच वाढते. उपचारातली मात्रा पेशीला मारूनच टाकते. पोलंडनं तेव्हा लाखो मुलांना साध्या आयोडीनचा डोस पाजला होता, भूक आधीच भागवून ठेवण्यासाठी.

तुर्भे, परळ आणि दिल्ली

आयोडीन-१३१ खाणीत मिळत नाही, अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनचा मारा करून बनवावं लागतं. मुंबईत तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी १९५६ साली सुरू झाली, १९६० साली ‘सायरस’ आणि १९८५ साली ‘ध्रुव’. भाभा अणुसंशोधन केंद्रानं १९६३ साली परळला टाटा मेमोरियलच्या शेजारी रेडिएशन मेडिसिन सेंटर काढलं. किरणोत्सारी पदार्थ वापरून रोग ओळखण्याचं आणि बरे करण्याचं शास्त्र आपल्या देशात रुजलं ते या केंद्राच्या आधारानं, आणि थायरॉइडचा कॅन्सर हा तिथला सुरुवातीपासूनचा विषय. आयोडीन रोज साधारण आठ टक्क्यांनी घटतं. साठा करून ठेवता येत नाही, रुग्णाची तारीख ठरवूनच ते मागवावं लागतं. शिशाची खोली, सांडपाण्याच्या टाक्या आणि अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, म्हणून ही सोय गावोगाव नसते. परळ गाठायचं तर ग्वाल्हेरहून पंजाब मेल थेट दादरला येते. दिल्ली तर सव्वातीनशे किलोमीटरवर, आणि लखनौला संजय गांधी संस्थेत हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथींच्या शस्त्रक्रियांचा स्वतंत्र विभाग आहे.

दिल्लीच्या एम्सनं या क्षेत्रात जे केलं ते मुद्दाम सांगायला हवं. ऑपरेशननंतर उरलेल्या थोड्या पेशी जाळायला आयोडीन किती द्यायचं, यावर जगभर मतभेद होते. अनेक ठिकाणी १०० मिलिक्युरी (मिलिक्युरी हे किरणोत्साराचं माप) किंवा त्याहून जास्त देत. डॉ. सी. एस. बाळ आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून वेगवेगळ्या मात्रा दिल्या आणि १९९६ साली निकाल छापला. २००४ साली ५०० हून जास्त रुग्णांवरची मोठी चाचणी आली. कमी धोक्याच्या रुग्णांना २५ ते ५० मिलिक्युरी पुरे, असा निष्कर्ष निघाला. ब्रिटन आणि फ्रान्समधल्या दोन मोठ्या चाचण्यांनी २०१२ साली ३० आणि १०० मिलिक्युरीची तुलना केली आणि यशाचं प्रमाण सारखंच आलं. कमी मात्रा म्हणजे लाळग्रंथींना कमी त्रास, खोलीतला मुक्काम कमी, खर्च कमी.

फ्रान्सच्याच संशोधकांनी २०२२ साली पुढचा प्रश्न विचारला. कमी धोक्याच्या रुग्णांना आयोडीन द्यावंच का? त्यांनी निम्म्या रुग्णांना दिलं, निम्म्यांना दिलं नाही. तीन वर्षांनी आयोडीन घेतलेल्यांपैकी ९५.९ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी ९५.६ टक्के सुखरूप होते.

शोधाल तेवढा सापडतो

कमी करण्याकडे हा कल का वळला, याचं उत्तर दक्षिण कोरियात आहे. तिथे १९९९ साली कॅन्सर तपासणीची राष्ट्रीय योजना आली आणि तिच्याबरोबर थोडे पैसे भरून थायरॉइडची सोनोग्राफी करून घ्यायची पद्धत पडली. २०११ साली थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या तुलनेत पंधरा पट झालं होतं. एका वर्षात ४०,००० हून जास्त रुग्ण. पण या आजारानं होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. इतके कॅन्सर वेळेवर पकडले असते तर मृत्यू घटायला हवे होते. सापडले ते बहुतेक असे होते, जे माणसाला आयुष्यभर काहीच करणार नव्हते. तिथल्याच डॉक्टरांनी २०१४ साली जाहीर आवाज उठवल्यावर वर्षभरात ऑपरेशनं सुमारे एक तृतीयांशानं घटली.

असे निपचित कॅन्सर किती असतात, याचा अंदाज फिनलंडमध्ये १९८५ सालीच आला होता. दुसऱ्याच कारणांनी मेलेल्या १०१ माणसांच्या थायरॉइडचे बारीक काप तपासले, तर ३६ जणांत पॅपिलरी कॅन्सर निघाला. जपानमध्ये कोबेच्या कुमा रुग्णालयात डॉ. अकिरा मियाउची यांनी १९९३ पासून धाडसी वाट धरली. एक सेंटिमीटरपर्यंतच्या, धोक्याच्या जागी नसलेल्या पॅपिलरी कॅन्सरला ऑपरेशन न करता दर वर्षी सोनोग्राफी. दहा वर्षांत साधारण ८ टक्के रुग्णांची गाठ तीन मिलिमीटर किंवा जास्त वाढली, चारेक टक्क्यांत आजार मानेच्या लसिकाग्रंथींत पसरला. त्यांचं ऑपरेशन तेव्हा केलं आणि उशीर झाल्यानं कुणी दगावलं नाही. ‘नुसतं लक्ष ठेवू’ या सल्ल्यामागे ही जपानी वर्षं आहेत. अट एकच, ठरलेल्या तारखेला सोनोग्राफी चुकवायची नाही.

वयाचाही हिशोब या आजारात निराळा आहे. पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर कॅन्सर असलेला रुग्ण ५५ वर्षांच्या आतला असेल, तर आजार फुप्फुसात गेलेला असला तरी त्याची ‘स्टेज’ दोनच्या पुढे धरत नाहीत. इतर बहुतेक कॅन्सरमध्ये अशी पसरण म्हणजे चौथी स्टेज.

साखर नकोशी झालेल्या मुंग्या

सगळ्यांचं असं सुखात पार पडत नाही. काही रुग्णांत कॅन्सरच्या पेशी बदलत जातात आणि आयोडीन ओढायचंच सोडून देतात. पॅपिलरी कॅन्सरमध्ये बीरॅफ नावाच्या जनुकातला एक बदल वारंवार सापडतो. त्यानं पेशीला वाढीचा हुकूम सतत मिळत राहतो आणि आयोडीन ओढणारं प्रथिन बनणं मंदावतं. बोरिक पावडरीचा घास तसाच पडून राहतो.

इथे संशोधन दोन दिशांनी चाललं आहे. पहिली, वाढीचा हुकूमच तोडणारी औषधं. सोराफेनिब २०१३ साली आणि लेन्वाटिनिब २०१५ साली मान्य झाली. लेन्वाटिनिबच्या चाचणीत आजार पुन्हा वाढायला सरासरी १८.३ महिने लागले, औषध नसलेल्यांत ३.६. रक्तदाब वाढणं, जुलाब, थकवा हे त्रास मात्र होतात. दुसरी दिशा जास्त कल्पक आहे, पेशींची साखरेची आवड परत आणायची. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकन चाचणीत २० रुग्णांना सेल्युमेटिनिब दिलं. बारा जणांच्या गाठी पुन्हा जास्त आयोडीन ओढू लागल्या. त्यांतल्या आठ जणांना आयोडीनचा उपचार देता आला आणि पाच जणांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. रुग्ण थोडे असल्यानं हा शेवटचा शब्द नव्हे, पण बंद झालेली वाट औषधानं उघडू शकते हे दिसलं.

दोन प्रकार मुळातच वेगळे. ‘मेड्युलरी’ कॅन्सर थायरॉइडमधल्या निराळ्या पेशींतून निघतो. या पेशींना आयोडीनशी घेणंदेणं नसतं, त्यामुळे कॅप्सूल इथे निरुपयोगी. त्याची खूण रक्तातलं कॅल्सिटोनिन. साधारण चौथा हिस्सा रुग्णांत तो रेट या जनुकातून घराण्यात चालत आलेला असतो, म्हणून रुग्णाबरोबर भावंडं आणि मुलांचीही तपासणी करतात. ‘अ‍ॅनाप्लास्टिक’ हा सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत क्रूर. म्हातारपणी मानेतली गाठ काही आठवड्यांत झपाट्यानं वाढते. यांतल्या बीरॅफ-बदल असलेल्या रुग्णांसाठी २०१८ साली अमेरिकेत दोन औषधांची जोडी मान्य झाली. त्याआधी हातात जवळपास काहीच नव्हतं.

फाईल नीट ठेवा

संपूर्ण ग्रंथी काढून आयोडीन दिल्यावर शरीरात थायरोग्लोब्युलिन बनवणारी पेशी उरायला नको. मग रक्तात ते वाढू लागलं तर कुठेतरी पेशी पुन्हा जाग्या झाल्यात, असा अर्थ. एवढी साधी आणि स्वस्त पाळत फार थोड्या कॅन्सरना मिळते. ग्रंथी जागेवर असताना मात्र ही तपासणी कॅन्सर शोधायला कामाची नाही, कारण निरोगी ग्रंथीही ते बनवत असते.

ग्वाल्हेरच्या रुग्णाची सोनोग्राफी एका ठिकाणी, सुई दुसरीकडे, ऑपरेशन तिसरीकडे आणि आयोडीन दिल्लीला किंवा परळला, असं सहज होतं. सल्ला बरोबर ठरतो तो हे सगळे कागद एका नजरेखाली आले तर. त्यांत सर्वांत महत्त्वाचा ऑपरेशननंतरचा बायोप्सी रिपोर्ट. गाठीचा आकार, आवरण भेदलंय का, मानेच्या किती लसिकाग्रंथींत पसरलं, हे तिन्ही त्यात असतं. सुईच्या आणि ऑपरेशनच्या काचपट्ट्या व मेणाचे ठोकळे दवाखान्यातून मागून घेता येतात. दुसरं मत घ्यायला निघालात तर नुसता कागद नको, तेही बरोबर न्या. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत बदललं तर पुढचा सगळा उपचार बदलू शकतो.

चौकट : थोडक्यात

• थायरॉइडच्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. ‘टायरॅड्स’चा आकडा म्हणजे स्टेज नव्हे.

• सुईच्या तपासणीनं कॅन्सर पसरेल ही भीती नको. फॉलिक्युलर गाठीत सुईला निर्णय देता येत नाही.

• पॅपिलरी आणि फॉलिक्युलर कॅन्सर आयोडीन ओढतात, म्हणून किरणोत्सारी आयोडीन चालतं. मेड्युलरीत ते चालत नाही.

• आयोडीनयुक्त मीठ फक्त उपचाराआधी, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरतं बंद करायचं. कॅन्सरच्या भीतीनं घरात ते बंद करू नये.

• डॉक्टरांना विचारा : प्रकार कोणता? धोका कमी, मध्यम की जास्त? अर्धी ग्रंथी पुरेल का? आयोडीन हवंच का, आणि किती मिलिक्युरी?

• आवाज अचानक बसणं, गिळायला त्रास, गाठ काही आठवड्यांत वाढणं, मानेच्या बाजूला नवी गाठ किंवा घरात कुणाला मेड्युलरी कॅन्सर : यांपैकी काही असेल तर थांबू नका.